वाचकांचे प्रश्न : मुतखडा, क्रिएटिनिन आणि रात्रीची लघवी

प्रश्न : मी एसटीत चालक आहे, वय ४२. सोनोग्राफीत उजव्या मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला ६ मिलिमीटरचा खडा निघाला. सगळे म्हणतात, टोमॅटो आणि दूध बंद कर. एकाने बिअर प्यायला सांगितलं. काय करू? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : बिअर नको, दूध सोडू नका, आणि टोमॅटोवर उगाच आळ आहे.

किडनीपासून मूत्राशयापर्यंतची मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटिमीटर लांब, पण आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असते. ती तीन जागी चिंचोळी होते : किडनीतून निघताना, कमरेच्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. तुमचा खडा शेवटच्या नाक्यावर आहे. ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात, १० च्या पुढचे क्वचितच. तुमचा पडण्याची शक्यता चांगली आहे. त्यासाठी बऱ्याचदा मूत्रवाहिनी सैल करणारं टॅमसुलोसिन देऊन चारेक आठवडे वाट पाहतात. या गोळीने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून तुम्ही चालक आहात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. खडा पडेपर्यंत स्टिअरिंगवर बसूच नये, असं आमचं मत. कळ कधी येईल याचा नेम नसतो.

कळ येते ती खड्यामागे लघवी तुंबून किडनीवर ताण पडतो म्हणून. त्या वेळी तांब्याच्या तांब्या पाणी ढोसून खडा ढकलला जात नाही, उलट दुखणं वाढू शकतं. लघवी गाळणीतून करा आणि खडा मिळाला तर प्रयोगशाळेत तपासून घ्या, म्हणजे पुढचं पथ्य अंदाजाने ठरवावं लागत नाही. दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला असं मात्र नाही. तो तिथेच राहून किडनी मुकाट्याने फुगत राहू शकते, म्हणून पुन्हा तपासणी हवीच. थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. तुंबलेल्या लघवीतला जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो.

आता पथ्याचं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून शौचावाटे बाहेर नेतं. दूध-दही बंद केलं की तेच ऑक्झलेट मोकळं सुटून लघवीत उतरतं. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, टोमॅटोत फारच थोडं. मीठ मात्र खरोखर कमी करा, कारण ते लघवीतलं कॅल्शियम वाढवतं : दिवसभराचं सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा, पापड-लोणच्यातलं धरून. लिंबूपाणी चांगलं, त्यातलं सायट्रेट खडा बनू देत नाही. पण त्यात मीठ घालू नका.

पाणी किती प्यायलात यापेक्षा लघवी किती झाली ते महत्त्वाचं. दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी. सुट्टीच्या दिवशी मापाच्या भांड्यात एकदा मोजून बघा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, इंजिनाशेजारी बसून, तीन लिटर पाणीही त्याला पुरेलच असं नाही. स्टँडवर स्वच्छतागृह बरं नसतं म्हणून पाणी टाळणं, हेच बहुधा तुमच्या खड्याचं मूळ.

प्रश्न : मला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. लघवीला फेस येतो, पण क्रिएटिनिन ०.९ आहे. मग किडनी ठीक ना? (एक वाचक, सांगली)

उत्तर : एवढ्यावरून सांगता येणार नाही. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. ही गाळण्याची ताकद निम्म्याच्या आसपास घटेपर्यंत क्रिएटिनिन ‘नॉर्मल’च्या रकान्यात राहू शकतं. मधुमेहात त्याआधीच किडनीच्या चाळणीतून अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागतं, फेस त्यानेही येऊ शकतो.

म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासा. ३० (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) च्या आत असेल तर ठीक. जास्त आलं तर घाबरू नका, तीन महिन्यांत आणखी दोनदा करा. तीनपैकी दोनदा जास्त आलं तरच ते धरायचं. ताप, लघवीचा संसर्ग किंवा मासिक पाळी असताना नमुना देऊ नका, आकडा फसवतो. क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाजही पाहा. तो सलग तीन महिने ६० च्या खाली असेल तर दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात.

अल्ब्युमिन निघालं तर रक्तदाब सहसा १३०/८० च्या आत ठेवतात आणि नावाअखेरीस ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेलं औषध देतात. ते सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर चालतं, त्या धास्तीने गोळी स्वतःहून बंद करू नका. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका. त्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. जुलाब-उलट्या चालू असताना तर अजिबात नको.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. रात्री चारदा उठतात, लघवीची धार बारीक आहे. किडनी बिघडली का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : बारीक धार म्हटल्यावर आधी प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असणारी ग्रंथी, पाहावी लागते. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मिलिलिटरमध्ये मोजून वेळेसह वहीत लिहा. रात्रीची लघवी चोवीस तासांतल्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरली, तर पायांची सूज, हृदय, साखर आणि संध्याकाळी पोटात जाणारं चहा-पाणी यांचाही विचार करावा लागतो. दर वेळी थोडी-थोडीच होत असेल, तर लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीत बघायला सांगा. दुकानातून सर्दीची गोळी परस्पर आणून देऊ नका. काहींमधल्या घटकांमुळे लघवी अचानक पूर्ण अडते आणि मग नळी घालण्यावाचून गत्यंतर नसतं.