‘आम्हाला तर ढकलूनच शिकवलं होतं!’

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पालकांची एक तक्रार माझ्याकडे हमखास येते. “आम्ही दिवसदिवस विहिरीत डुंबायचो, आणि आमचा मुलगा पाणी बघूनच रडतो. इतका भित्रा कसा?”

अशाच एका कुटुंबाची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गाव सातारा जिल्ह्यात, घर पुण्यात. मे महिन्यात आठ वर्षांच्या मुलाला गावी नेलं. काकाने पाठीला रिकामा डबा बांधला, “एक, दोन…” म्हटलं आणि तीन म्हणायच्या आतच विहिरीत ढकललं. पोरगं लगेच वर आलं, इजा काहीच नाही. पण त्यानंतर डोक्यावर तांब्या ओतू देईना. आंघोळीला दोन्ही हातांनी भुवया घट्ट दाबून बसायचा.

वडिलांना विचारलं, तुम्ही पाण्यात पहिल्यांदा कधी उतरलात? विहिरीचाच किस्सा सुरू झाला. त्याच्या आधी? मग हळूहळू आठवत गेलं. चार-पाच वर्षांचे असताना मोटारीच्या धारेखाली बसायचे. पुढे उसाच्या पाटात पालथं पडून सरपटणं. मग छातीइतक्या हौदात भावंडांबरोबर नाक धरून बुड्या. विहीर आली ती तीन उन्हाळ्यांनंतर! आठवणीत उरला तो शेवटचा धक्का, आणि मुलाच्या वाट्याला तोच पहिल्या दिवशी आला.

शिवाय विहिरीचं पाणी वर कोमट आणि खाली गार असतं. अंगाला एकदम गार पाणी लागलं की श्वास आपोआप आत ओढला जातो. तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर पाणी नाकातोंडात शिरतं. मुलगा घाबरला ते यामुळे. त्याला भित्रा म्हणणं अन्यायाचं आहे.

मुलाबरोबर बसून पायऱ्या ठरवल्या, प्रत्येकीला भीतीचे 0 ते 10 गुण त्यानेच दिले. खांद्यावर तांब्या: 2. परातीतल्या पाण्यात फुंकर मारून बुडबुडे: 3. तीन आकडे मोजेपर्यंत चेहरा पाण्यात: 6. हौदात कमरेइतकं पाणी: 8. रोज दहा-पंधरा मिनिटं एकच पायरी, आणि गुण निम्म्यावर येईपर्यंत पुढची नाही. बुडबुडे काढताना नाकाने ‘हंऽऽ’ करायला शिकवलं. हवा बाहेर जात असेल तर पाणी आत शिरत नाही आणि नाक झोंबत नाही. नियम एकच, पण कडक: मुलगा “थांब” म्हणाला की मोठ्यांनी त्याच क्षणी थांबायचं. आंघोळ मात्र चुकवायची नाही, कारण टाळाटाळ केली की भीती वाढते.

तिसऱ्या आठवड्यात घोटाळा झाला. सगळं छान चाललंय म्हणून वडिलांनी न सांगता डोक्यावर पाणी ओतलं. “बघ, काही झालं का?” झालं होतं. दोन दिवस त्याने परातीला हात लावला नाही. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात न करता एकच पायरी मागे आलो, आणि वडिलांनी त्याची माफी मागितली. ती माफी मला फार मोलाची वाटते.

डब्याबद्दलही स्पष्ट बोललो. तो कमरेखाली सरकला तर डोकं पाण्याखाली जातं, म्हणून पोहता येणारा मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवाच.

दिवाळीत ते गावी गेले. मुलगा विहिरीजवळ गेला नाही. दुपारी मोटार सुरू झाल्यावर पाटात जाऊन बसला, आणि थोड्या वेळाने वडिलांना हाक मारली, “बाबा, तुम्ही पण या, पण उडवायचं नाही हं.”