बाप भरवतोय ना, ते आधी बघा

ताई, तुमच्या गच्चीवरच्या ८ बाय ४ फुटांच्या पिंजऱ्यात झेब्रा फिंच या चिमणीहून लहान पक्ष्याच्या तीन जोड्या, बेंगालीज फिंचची एक, डायमंड डव्ह या छोट्या होल्याची एक आणि बजरीगर या छोट्या पोपटांच्या दोन जोड्या एकत्र आहेत. परवा झेब्राच्या पहिल्या विणीची चार पिल्लं घरट्याच्या मडक्याबाहेर आली. एक पाण्याच्या भांड्यात बुडालं, एकाच्या पायाचं बोट तुटलं, आणि उरलेली संध्याकाळी जमिनीवर कोपऱ्यात बसून राहतात. ती घरात आणून सिरिंजने भरवू का, असं तुम्ही विचारलंय.

नका आणू. झेब्राचं पिल्लू १८ ते २१ दिवसांचं झालं की बाहेर पडतं, आणि या वयात ते माणसासमोर चोच उघडत नाही. बळेच चोच उघडून पातळ खाणं सोडलं, तर ते श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू हातातच जातं. त्याला अजून दोनेक आठवडे भरवावं लागतं हे खरं, पण ते काम बापाचं आहे. मादी तोवर बहुतेक वेळा पुढच्या अंड्यांच्या तयारीला लागलेली असते आणि बाहेरच्या पिल्लांचा मोठा भार नर उचलतो. म्हणून पिल्लांच्या आधी त्याच्यावर लक्ष ठेवा. तो जवळ आला की पिल्लू अंग खाली दाबतं, मान तिरकी वळवून चोच वर करतं आणि चिरचिर आवाज काढतं. झेब्राची पिल्लं चिमणीच्या पिल्लांसारखी पंख फडफडवत नाहीत, त्यामुळे लांबून ती नुसतीच पडून आहेत असं वाटतं आणि नवा माणूस घाबरतो. अर्धा तास लांब खुर्ची टाकून बसा. बाप चोचीत चोच घालून भरवताना दिसला, तर तुम्हाला भरवायचं काहीच उरत नाही.

पण पिंजरा मात्र आजच बदलायला हवा.

सगळ्यात आधी बजरीगर बाहेर काढा, उद्यावर टाकू नका. दुकानात त्यांना लव्हबर्ड म्हणून विकतात, दिसायला गोड असतात, पण त्यांची चोच कडक आणि जोरकस असते. मोठा फिंच चपळ असतो, उडून सुटतो. पिल्लाची शेपूट अजून आखूड, उड्डाण कच्चं, ते बजरीगरशेजारच्या फांदीवर जाऊन बसतं आणि तो पाय धरतो. तुमच्या पिल्लाचं बोट असंच गेलं असणार. 'वर्षभर एकत्र होते, कधी भांडले नाहीत' असं तुम्ही लिहिलंय, पण त्या वर्षात पिंजऱ्यात पिल्लं नव्हती. बजरीगरचा पिंजरा शेजारी ठेवलात तर मध्ये हातभर अंतर सोडा, कारण जाळीला लटकलेल्या पिल्लाचा पाय ते पलीकडूनही पकडतात. डायमंड डव्ह राहू द्या, शांत पक्षी आहेत. बेंगालीजही राहू द्या. पुष्कळदा त्या दुसऱ्याच्या पिल्लालाही चारतात, आणि अशा दिवसांत तो मोठा आधार असतो. तुटलेल्या बोटातून रक्त येत असेल तर स्वच्छ कापसाने दाबून धरा, थांबलं की मक्याचं पीठ लावा. सूज दिसली तर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

पाण्याचं भांडं बदला. मातीची पसरट थाळी घ्या, त्यात बोटाच्या एका पेराएवढंच पाणी आणि मधोमध दोन-तीन चपटे गोटे. पिल्लू पाण्यात पडलं तरी त्याला चढायला काहीतरी हवं. महिनाभर मोठ्या पक्ष्यांनीही त्यातच आंघोळ केली तर काही बिघडत नाही.

मग फांद्या. तुमच्या फोटोत सगळ्या काठ्या चार-पाच फुटांवर, एका रेषेत आहेत. जमिनीवर उतरलेलं पिल्लू तिथवर कसं पोहोचणार? पेरू किंवा बोरीच्या फांद्या आणून जमिनीपासून वीतभर उंचीवर एक, तिच्यावर थोडी तिरकी दुसरी, असं करत वरपर्यंत जिना करा. जमिनीवर कोरडी वाळू टाका. आणि दाण्याची एक वाटी खालीसुद्धा ठेवा. राळ्याचं कणीस फांदीला बांधलंत की पिल्लं बापाचं बघून त्यावर टोचायला लागतात, खाणं शिकायला त्याच्यासारखी दुसरी गोष्ट नाही. पावसाळा सरताना चिकात आलेलं बाजरीचं कणीस मिळालं तर तेही द्या. उकडलेलं अंडं रव्याच्या टोस्टच्या चुऱ्यात कालवून सकाळी द्या, पण दोन तासांनी उचला. दमट हवेत ते लगेच खराब होतं आणि मग तेच जीव घेतं.

संध्याकाळचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पूर्ण वाढलेला झेब्रा १२ ग्रॅमच्या आसपास असतो, पिल्लू त्याहून हलकं, आणि ओल्या थंड जमिनीवर ते रात्र काढू शकत नाही. माझ्याकडे एका जुलैमध्ये रात्री पाऊस तिरका आला, पिंजऱ्याची पश्चिमेची बाजू उघडी होती, आणि सकाळी तीन पिल्लं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून मेलेली सापडली. वेळच्या वेळी भरवलेली, धडधाकट पिल्लं होती. तेव्हापासून विणीच्या दिवसांत दोन बाजू ताडपत्रीने बंद ठेवतो आणि अंधाराच्या अर्धा तास आधी जमीन तपासतो. खाली बसलेलं पिल्लू ओंजळीत घ्या, त्याच मडक्यात ठेवा आणि मडक्याच्या तोंडावर तळहात दोन मिनिटं धरा, म्हणजे ते शांत होतं. माणसाचा वास लागला की आई-बाप टाकतात, हे खरं नाही. तीन-चार संध्याकाळी हे करावं लागेल, मग ती आपणच वर जाऊन बसतात.

म्हणूनच ते मडकं एवढ्यात काढू नका. मादीने त्यात नवी अंडी घातली तर ती उचला. पिल्लं फांदीवर झोपायला लागली की तिन्ही जोड्यांची मडकी एकाच दिवशी काढा. झेब्रा हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला पक्षी, पाऊस पडून गवताचं बी आलं की तिकडे तो वीण घालतो. तुमच्याकडे पाणी आणि दाणा रोजच आहे, त्यामुळे तो थांबणारच नाही, थांबवायचं तुम्हाला आहे. अंड्यांची घाई झालेला नर मोठ्या पिल्लांना हाकलू लागतो, पाठीची पिसं उपटतो.

साधारण ३५ दिवसांची झाली की पिल्लं स्वतः खातात, तेव्हाच वेगळी करावीत असं बरेच जण सांगतात. नर मारत नसेल तर मी दोन महिने तरी बापाजवळ ठेवतो. नर पिल्लू गाणं बापाकडून शिकतं, साधारण २५व्या ते ६५व्या दिवसापर्यंत. क्लाउस इमेलमन या जर्मन शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात दाखवलं की बेंगालीजने वाढवलेले झेब्रा बेंगालीजचंच गाणं गातात. तुमच्या पिंजऱ्यात बेंगालीज आहेत, तेव्हा बाप जवळ असणं आणखी गरजेचं.

शेवटी तुम्ही बाजारातून लाल मुनियांची जोडी आणू का विचारलंय. कृपा करून आणू नका. आपल्या रानातली मुनिया १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, ती पाळणं गुन्हा आहे, आणि बाजारात येते ती जाळ्यात धरलेलीच असते.

आज संध्याकाळी तिन्ही पिल्लांच्या गळ्यावरची पिसं हलकेच फुंकून बघा. कातडीखाली दाण्यांनी फुगलेली पिशवी दिसली तर मडक्यात ठेवून द्या. पिशवी रिकामी आणि पिल्लू फुगून बसलेलं असेल, तर रात्रीपुरतं खोक्यात कापडावर ठेवा आणि एका बाजूला छोटा पिवळा बल्ब लावा, म्हणजे गरम झालं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल. उजाडताच त्याला बापासमोर सोडा.