नागपूरला मिहानमध्ये जॉब लागलाय, बेसा-बेलतरोडीकडे किरायाने घर घ्यावं की शहरातच राहावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून येऊन राहिलो, माझं ऑफिस मिहानमध्ये (विमानतळाकडचा कंपन्यांचा एरिया), बायकोचं सिव्हिल लाइन्सला, आणि जो भेटतो तो सांगतो की बेसा-बेलतरोडी-मनीषनगरकडे घ्या, हिरवागार एरिया आहे, शांत आहे, किरायापण कमी. मी त्याच बाजूला सात वर्षांपासून किरायाने राहून राहिलो. दोन घरं झाली, एक पार फसलेलं आणि एक आत्ताचं, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो, वाचून घ्या.

पहिले ते हिरवागार प्रकरण. तुम्हाला ब्रोकर जे फोटो पाठवून राहिले असतील ना ते सगळे ऑगस्ट-सप्टेंबरचे असतात. ऑगस्टमध्ये नागपूरच्या बाहेर बांधकामाच्या मलब्यावरपण गवत उगवते, तेव्हा हिरवं काय, सगळंच हिरवं. मी पहिला फ्लॅट असाच ऑगस्टमध्ये पाहिला होता. बेश्याच्या पुढे नवीन स्कीम (इकडे बिल्डिंगला स्कीमच म्हणतात, घाबरू नका, कोणी पैसे गुंतवा म्हणत नाहीये), सगळ्यात वरचा मजला, टू बीएचके, अकरा हजार किराया. बाल्कनीतून पूर्ण मोकळं शेत, लांब कुठेतरी मोर ओरडत होता, बायको म्हणाली बस, हेच. ॲडव्हान्स देऊन टाकला तिथल्या तिथे.

एप्रिल लागला आणि त्या शेताची नुसती काळी भेगाळलेली जमीन राहिली, आसपास माझ्या कमरेच्या वर जाईल असं एक झाड नव्हतं, बिल्डरने लावलेली पामची रोपं तेवढी होती, त्यांची सावली त्यांना स्वतःलाच पुरत नव्हती. बेडरूमची भिंत पश्चिमेची. दुपारी एकपासून सात वाजेपर्यंत ऊन त्या भिंतीवर आणि वरून स्लॅब. रात्री अकराला भिंतीला हात लावून पाहा, नुकताच उतरवलेला तवा. आम्ही गादी उचलून हॉलमध्ये टाकायचो, तर हॉलमध्ये कूलर लावायला जागा नव्हती.

हे कूलरचं पुण्याच्या माणसाला समजत नाही म्हणून नीट सांगतो. इथे २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ ला गेला होता, आणि २०२४ मध्ये रामदासपेठेतल्या एका ऑटोमॅटिक हवामान केंद्राने ५६ दाखवला होता, ते मशीनच बिघडलेलं निघालं, पण गंमत म्हणजे त्या दिवशी अर्ध्या शहराचा त्यावर विश्वास बसला होता. एसी चालतो, पण नवतप्यात (मे अखेरचे सगळ्यात गरम नऊ दिवस) दिवसभर एसी चालवला तर बिल पाहून परत घाम येते. म्हणून कूलर. कूलर खिडकीच्या बाहेर स्टँडवर बसतो, बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून (कूलरच्या बाजूच्या गवताच्या जाळ्या) ओढून आत फेकतो, आणि ती हवा बाहेर निघायला समोरून दुसरी खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीत नुसती दमट हवा कोंडते. म्हणजे घर पाहताना पाहायचं काय, तर खिडकीबाहेर कूलरचा स्टँड आहे का, नसेल तर लावू देतात का, जवळ प्लग पॉइंट आहे का, आणि समोरासमोर खिडक्या आहेत का. आमच्या स्कीममध्ये "एलिव्हेशन खराब होते" म्हणून समोरच्या बाजूला स्टँड लावायला मनाई होती. मी कूलर बाल्कनीत ठेवला, दरवाज्यातून हवा घेतली, दरवाजा अडला, बाल्कनी गेली.

आणि कूलर पाणी पिते. आमचा मोठा आहे, मे महिन्यात दिवसातून दोनदा टाकी भरावी लागते, एका वेळी साठ-सत्तर लिटर. आता सगळ्या फ्लॅटचा हिशोब करा आणि त्या स्कीमला पाणी कुठून, तर एका बोअरमधून. बेसा-बेलतरोडी मुळात ग्रामपंचायतीची गावं, शहर तिथपर्यंत आधी पोचलं, नळ मागून चालत येऊन राहिला, काही गल्ल्यांमध्ये आला आहे, काहींमध्ये नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बोअरने माती फेकायला सुरुवात केली, मग टँकर. टँकर सकाळी साडेपाचला येणार, कोणीतरी खाली उभं राहून पाइप संपमध्ये (जमिनीखालची पाण्याची टाकी) धरायचा, कारण एकदा ड्रायव्हरने अर्धा रिकामा करून पूर्ण पैसे नेले होते. पैसे सगळ्या फ्लॅटमध्ये वाटून. मग दुसऱ्या मजल्यावरचे काकाजी म्हणणार आमच्याकडे कूलर नाही, आम्ही का बरोबरीने द्यायचे. खरं होतं त्यांचं. पण भांडण दर रविवारी.

त्यामुळे घर पाहायला गेले की ब्रोकरला पाण्याचं विचारूच नका, तो "चोवीस तास" म्हणेल. तळमजल्यावर राहणाऱ्या बाईला विचारजा की मावशी, मागच्या मे महिन्यात टँकर किती वेळा बोलावला. आकडा लगेच सांगतात, कारण तो त्यांच्या डोक्यात बसलेला असतो.

आत्ताचं घर मनीषनगरकडच्या एका जुन्या लेआऊटमध्ये आहे, वरचा पोर्शन, खाली घरमालक काकाजी आणि काकू. साडेबारा हजार, म्हणजे पहिल्यापेक्षा महाग, शिवाय लिफ्ट नाही, टाइल्स जुन्या, किचनचा ओटा बुटका. पण लेआऊट जुना म्हणजे लोकांनी घर बांधतानाच कंपाउंडला लागून कडुनिंब, आंबा, शेवगा लावलेला, ती झाडं आता दोन मजल्यांच्या वर गेली. आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर दोन वाजल्यापासून कडुनिंबाची सावली येते आणि मी तुम्हाला सांगतो, त्या एका झाडाने माझा कूलर एकवर चालते जिथे आधी तीनवर चालून काही होत नव्हतं. त्रास एवढाच की मार्चमध्ये पानगळ झाली की कूलरच्या टाकीत पानं, मोटरची जाळी चोंदते, रोज हात घालून काढा. आंब्याचं वेगळंच. आंबा काकाजींचा, अर्ध्या फांद्या आमच्या गच्चीवर, आणि काकाजी कैऱ्या मोजतात. खरंच मोजतात. "त्या बाजूच्या घोसात काल सतरा होत्या", असं जिन्यात थांबवून सांगतात, आमच्यावर आरोप नाही, माहिती म्हणून. माकडं येतात हो काकाजी, म्हटलं मी. मग जूनमध्ये स्वतःच पिशवीभर पाठवतात.

म्हणून माझं मत विचाराल तर एरिया निवडू नका, गल्ली निवडा. बेश्यामध्येपण चांगल्या गल्ल्या आहेत आणि मनीषनगरमध्येपण भट्ट्या आहेत. ब्रोकरने "गार्डन फेसिंग" म्हटलं की दुपारी तीनला त्या गल्लीत जा आणि पाहा की गाड्या कुठे लावल्यात. जिथे लोकं झाडाखाली लावायला धडपडून राहिले तिथे एकच झाड आहे. जिथे कुठेही लावल्या आहेत तिथे सावली भरपूर.

आता येण्याजाण्याचं. नकाशावर पाहाल तर मनीषनगर, बेलतरोडी, बेसा सगळं वर्धा रोडला चिकटल्यासारखं दिसते, पण मधून रेल्वे लाइन जाते. मेट्रो आणि वर्धा रोड लाइनच्या अलीकडे, तुम्ही पलीकडे. म्हणजे तुम्ही कुठेही राहा, रोज लाइन ओलांडायची, आणि ती ओलांडायच्या जागा मोजक्या. मनीषनगरचा उड्डाणपूल झाल्यापासून बरं आहे, आधी फाटकावर अर्धी जवानी जायची. तुमचं मिहान म्हणजे सकाळी शहराच्या गर्दीच्या उलट दिशेने जाणं, तुम्हाला फारसा त्रास नाही, दुचाकीने खापरीवरून निघून जाल. खरा प्रश्न बायकोचा आहे. त्यांच्यासाठी मेट्रोची ऑरेंज लाइन सोयीची, उज्ज्वलनगरला चढायचं आणि कस्तुरचंद पार्कला उतरायचं, सीताबर्डीला गाडी बदलावी लागत नाही, तिथून सिव्हिल लाइन्स जवळ. २०२२च्या डिसेंबरपासून ही लाइन पार ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत पूर्ण चालू आहे. पण घरापासून स्टेशनपर्यंतचं काय? ते मनीषनगरमधून दहा मिनिटांत होते, बेश्याच्या पुढून ऑफिसच्या वेळेला पंचवीस मिनिटं पकडा, आणि ऑटोवाला त्या बाजूला जायला मूडवर आहे. म्हणून दोघांचं मिळून पाहाल तर स्टेशनच्या जितकं जवळ तितकं बरं, दोन हजार जास्त गेले तरी. आमच्या पहिल्या घरापासून स्टेशनला जायला ते दोन हजार पेट्रोलमध्येच जात होते.

डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असते तेव्हा मात्र वर्धा रोडवर कधी कोणता ताफा निघेल सांगता येत नाही, आणि जामठ्याला मॅच असली की खापरीच्या पुढे गाड्या हलत नाहीत. त्या दिवशी मिहानवरून संध्याकाळी पाचच्या आत निघा किंवा नऊनंतर.

पावसाळा. नरेंद्रनगरचा पुलाखालचा रस्ता दर वर्षी भरते, दर वर्षी पेपरात त्याच जागेचा फोटो येते, तरी कोणीतरी त्यात कार घालतेच. तुम्ही घालू नका. आणि हे वाचून तुम्हाला वाटेल की मग शहरातच जुन्या झाडीतलं घर घ्यावं, धरमपेठ, अंबाझरीकडे. घ्या की, मस्त एरिया आहे, फक्त किराया तोंडाला फेस आणते आणि २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, अंबाझरी लेआऊटमध्ये घराघरात पाणी शिरलं होतं, लोकं झोपेत होती. तिकडे तळमजला घेत असाल तर त्या रात्री पाणी कुठपर्यंत आलं होतं हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. काही घरांच्या भिंतीवर अजून पट्टा दिसते, काहींनी पेंट मारून घेतला आहे.

ॲग्रीमेंट. इथे अजून बरेच मालक "अकरा महिन्यांचं आहे, रजिस्टर करायची गरज नाही, स्टॅम्प पेपरवर करून टाकू" म्हणतात. महाराष्ट्रात ते चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, किती का महिन्यांचं असेना, लेखी आणि नोंदणी केलेलंच लागते, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. नसेल तर भांडण झाल्यावर भाडेकरू ज्या अटी सांगतो त्या खऱ्या धरतात, जोपर्यंत मालक उलटं सिद्ध करत नाही. हे मालकाला प्रेमाने सांगितलं की तो स्वतःच तयार होतो. घरी बसून ऑनलाइन होते, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन येतो, स्टॅम्प ड्युटी एकूण किरायाच्या पाव टक्का (डिपॉझिटचा थोडा भाग धरून), नोंदणी फी शहरात हजार, ग्रामीणमध्ये पाचशे. आमचं पहिलं घर साध्या स्टॅम्प पेपरवर होतं. सोडताना मालकाने पेंटिंगच्या नावाने एक महिन्याचं डिपॉझिट कापलं, भिंतीवर एक खिळा मारला नव्हता आम्ही. कागदच धड नव्हता, भांडायचं कशावर. आता घरात शिरायच्या आधी प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सॲप करतो, वरून "काकाजी, पाहून घ्या" लिहितो.

लाइटचं मीटर वेगळं आहे का तेपण पाहा. पोर्शनमध्ये बरेचदा सबमीटर असते आणि मालक मनानेच दहा-बारा रुपये युनिट लावते. महावितरणचं मागच्या मे महिन्याचं बिल दाखवा म्हणा, त्यात दोन गोष्टी एकदम कळतात, दर काय पडला आणि आधीच्या किरायदाराने कूलरवर काढलं की एसीवर.

नॉनव्हेज विचारतात, आडनावपण विचारतात, आवडत नाही पण विचारतात. आमचे काकाजी म्हणाले होते, "बनवू नका, आणून खाल तर मला काय दिसते." आणि सावजी मटणाचा वास जिन्यात आला की स्वतःच विचारतात, कुठून आणलं.

बाकी बारीकसारीक, रात्री दहानंतर बेसा रोडवर कुत्री गाडीच्या मागे लागतात, स्पीड वाढवू नका, हळू करा. पावसाळ्यात साप निघतात, सर्पमित्राचा नंबर शेजाऱ्यांकडून घेऊन ठेवा, आमच्याकडे दोनदा धामण निघाली, तीपण काकूंच्या तुळशीजवळ.

सामान पाठवताना पुण्याचा तो छोटा प्लॅस्टिकचा कूलर ट्रकमध्ये चढवू नका, मी आणला होता, सध्या त्यात काकाजी कांदे ठेवतात.