लोण आणि पाठभेद

एका वाचकाने विचारले आहे, की एखादी सांस्कृतिक कल्पना माणसामाणसांतून पसरते आणि पसरता पसरता बदलते, तिला ‘प्रसार’ म्हणावे, ‘संक्रमण’ म्हणावे की ‘उत्क्रांती’? माझ्या मते येथे क्रियाच दोन आहेत, आणि दोहोंना एक शब्द पुरणार नाही.

पहिली पसरण्याची. ‘प्रसार’ म्हटले की तो करणारा कोणीतरी गृहीत धरला जातो. साक्षरतेचा प्रसार करावा लागतो. उखाण्याची नवी धाटणी मात्र कोणी न ठरवताही घरोघर जाते, म्हणून तेथे ‘प्रसरण’ अधिक नेमका. ‘संक्रमण’ एका अवस्थेतून दुसरीत जाण्यासाठी राखून ठेवावा. बोलीत तर याहून जिवंत शब्द आहे, तो म्हणजे ‘लोण’. आट्यापाट्यांत सगळ्या पाट्या ओलांडून लोण परत आणायचे असते, आणि 1890 च्या दशकात पुण्यात रुजलेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाचे लोण गावोगाव पोचले असे म्हणताना आपण तोच खेळातला शब्द वापरतो.

पसरणाऱ्या कल्पनेच्या एककाला जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी 1976 साली ‘मीम’ हे नाव दिले. अनुकरणवाचक ग्रीक शब्द त्यांनी ‘जीन’सारखा (म्हणजे जनुकासाठीच्या इंग्रजी शब्दासारखा) ऐकू येईल असा आखूड केला. आनुवंशिक आणि अनुकरणाने आलेले यांतला हा भेद आपल्याकडे ढवळ्यापवळ्याच्या म्हणीत आधीच आहे: वाण नाही, पण गुण लागला. तरीही एककासाठी ‘गुण’ फार व्यापक पडेल. ‘मीम’च ठेवावा, फक्त तो केवळ विनोदी चित्रापुरता नाही हे सांगावे.

दुसरी क्रिया बदलण्याची, आणि येथे ‘उत्क्रांती’तला ‘उत्’ मला खटकतो, कारण शास्त्राला अभिप्रेत नसलेली उन्नती तो मराठी कानाला सुचवतो. त्यापेक्षा पुण्यातच घासूनपुसून वापरलेला ‘पाठभेद’, म्हणजे एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रतींतला शब्दांचा फरक, घ्यावा. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने 1919 साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 साली पूर्ण झाली, तोवर अभ्यासकांनी शेकडो हस्तलिखिते ताडून हेच पाहिले, की नकलेगणिक शब्द कुठे गळला, कुठे भर पडली आणि कोणता बदल पुढच्या नकलांत टिकला. कल्पनांचेही असेच होते. ‘पाठांतर’ या शब्दाचेच पाहा: संस्कृतात त्याचा अर्थ निराळा पाठ, म्हणजे पाठभेदच, मराठीत येऊन तो जसेच्या तसे तोंडपाठ करणे झाला.