जॉर्ज पलादे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बनवला नाही, मग त्यांना नोबेल कशासाठी मिळाले?

तुमचा प्रश्न असा आहे की, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक अर्न्स्ट रुस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकातच तयार केला होता, मग त्यातून पेशींची छायाचित्रे घेणाऱ्या पलादे यांना १९७४ चे नोबेल का मिळावे. यंत्र हाती आल्यावर ते काम कोणीही केले असते. मी बरीच वर्षे याच सूक्ष्मदर्शकासाठी ऊतींचे नमुने तयार करते आहे, त्यामुळे यातील शेवटचे वाक्य मला मुळीच मान्य नाही. यंत्र आले तरी पेशीचे अंतरंग दिसत नव्हते, आणि ते दिसू लागावे यासाठी जे करावे लागले त्यात पलादे यांचा वाटा फार मोठा आहे.

इलेक्ट्रॉनचा झोत निर्वातातच चालतो, म्हणून नमुना पूर्ण कोरडा हवा. आणि तो जाड नमुन्यातून आरपार जात नाही, म्हणून कापाची जाडी शंभर नॅनोमीटरच्या आत हवी. १९४५ मध्ये अल्बर्ट क्लॉड, कीथ पोर्टर आणि अर्नेस्ट फुलॅम यांनी कोंबडीच्या गर्भातील अखंड पेशीचे चित्र प्रसिद्ध केले, ते पातळ पसरलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवता आल्या म्हणूनच. यकृत किंवा स्वादुपिंड यांसारख्या घट्ट ऊती मात्र आवाक्याबाहेरच होत्या.

पलादे १९१२ मध्ये रोमानियातील याश येथे जन्मले, वैद्यकशास्त्र शिकले (त्यांचा प्रबंध डॉल्फिनच्या मूत्रपिंडावर होता, म्हणजे सूक्ष्म रचनेची ओढ आधीपासूनची) आणि १९४६ मध्ये अमेरिकेत गेल्यावर क्लॉड यांच्याकडे रॉकफेलर संस्थेत रुजू झाले. तेथे त्यांनी हाती घेतलेला एक प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल: नमुन्याची रचना टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ऑस्मियम टेट्रॉक्साइड या रसायनात ठेवलेली ऊती का विस्कटते? त्यांच्या लक्षात आले की ऑस्मियम आत झिरपण्यापूर्वीच ऊती आम्लधर्मी होते आणि रचना तेथेच बिघडते. म्हणून १९५२ मध्ये त्यांनी ऑस्मियमचे द्रावण बफर (आम्लता स्थिर राखणारे मिश्रण) घालून सामू (pH) ७.३ ते ७.५ च्या दरम्यान राखले, आणि पेशीतील पटले (पातळ पडदे) जवळजवळ जागच्या जागी टिकू लागली. ज्याने हे काम स्वतः केले आहे त्यालाच याचे मोल पुरते कळते. काचेच्या सुरीने घेतलेला काप पाण्यावर तरंगतो तेव्हा तो चंदेरी दिसला तर जाडी योग्य, सोनेरी दिसला तर थोडी जास्त, हे नजरेने ठरवता येते. पण स्थिरीकरणच (रसायनाने ऊतीची रचना टिकवून धरणेच) चुकले असेल तर सर्वांत सुरेख चंदेरी कापातही फाटकी पटले आणि रिकाम्या पोकळ्या एवढेच दिसते, आणि पुढे कितीही कौशल्य वापरले तरी ती चूक भरून निघत नाही.

त्यानंतरचे शोध भराभर आले. तंतुकणिकेच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या) आतील पटलाच्या घड्या त्यांनी दाखवल्या आणि १९५५ मध्ये आंतर्द्रव्यजालिकेला (पेशीतील पटलांच्या जाळ्याला) चिकटलेल्या, तसेच पेशीद्रव्यात सुट्या असलेल्या बारीक कणांचे वर्णन केले. प्रथिने तयार करणारे हे कण आज आपण रायबोसोम म्हणून ओळखतो. फिलिप सीकेविट्झ यांच्यासह त्यांनी हेही दाखवले की, पेशी फोडून अपकेंद्रित्रात (वेगाने फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) वेगळे केलेले 'मायक्रोसोम' हे बहुतांशी याच कणयुक्त जालिकेचे तुकडे असतात. चित्रात दिसणारी रचना आणि परीक्षानळीतील रसायन या दोन्ही गोष्टींची अशी गाठ घालणे, हेच मला त्यांच्या कामाचे खरे वैशिष्ट्य वाटते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मात्र मृत, थिजलेली पेशीच पाहता येते. तिच्यातील हालचाल कळावी कशी? जेम्स जेमिसन आणि पलादे यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांना किरणोत्सारी ल्यूसीन (प्रथिनांचा एक घटक) फक्त तीन मिनिटे दिले, मग साध्या ल्यूसीनचा भरपूर पुरवठा करून वेगवेगळ्या वेळी नमुने स्थिर केले. कापांवर छायाचित्रणाचा लेप दिला की किरणोत्सारी प्रथिन जेथे असेल तेथे चांदीचे काळे कण उमटतात. सुरुवातीला ते कण खडबडीत (रायबोसोम चिकटलेल्या) जालिकेवर होते, काही मिनिटांनी गॉल्जी पिंडाच्या (प्रथिने पुढे पाठवणाऱ्या पेशीतील भागाच्या) कडेला, नंतर घट्ट होत जाणाऱ्या पोकळ्यांत, आणि सुमारे दोन तासांनी पाचक विकरांनी भरलेल्या साठवण-कणिकांत. पेशी जे प्रथिन बाहेर सोडते त्याचा प्रवास अशा रीतीने टप्प्याटप्प्याने आणि वेळेसह मांडला गेला.

हे पारितोषिक क्लॉड आणि क्रिस्तियन द दूव्ह यांच्यासह विभागून मिळाले, आणि त्याच्या मानपत्रात छायाचित्रांचा उल्लेख नाही. पेशीच्या रचनात्मक आणि कार्यात्मक संघटनेविषयीचे शोध असे शब्द आहेत. प्रथिन जालिकेच्या आत मुळात शिरते कसे, हा या कामातून उरलेला प्रश्न पलादे यांच्याच प्रयोगशाळेत आलेल्या गुंटर ब्लोबेल यांनी पुढे नेला, आणि त्याच्या उत्तरासाठी १९९९ मध्ये ब्लोबेल यांनाही नोबेल मिळाले.