पेरूमध्ये लिमाला दोनच दिवस आहेत. चांगलं खाणं-पिणं कुठे मिळेल?

एका दुपारी मिराफ्लोरेसमधल्या 'ला मार'मध्ये सेविचे, दुसऱ्या दुपारी बारांकोत 'इसोलिना' आणि एक संध्याकाळ पुएब्लो लिब्रेतल्या 'केइरोलो'मध्ये; दोन दिवसांना एवढं पुरे.

सेविचे मात्र दुपारीच खा. लिंबाच्या रसातली कच्ची मासळी, वर कांदा-मिरची, बाजूला रताळं आणि मक्याचे टपोरे दाणे. सकाळची मासळी दुपारीच संपवायची ही तिथली जुनी रीत, त्यामुळे बऱ्याच सेविचेरिया संध्याकाळी बंद असतात. खाली उरलेला आंबट-तिखट रस, 'लेचे दे तिग्रे', टाकू नका. खरी मजा त्यातच. इसोलिनात घरगुती पद्धतीचं क्रिओयो, म्हणजे स्पॅनिश आणि स्थानिक वळणाचं मिश्र जेवण मिळतं, पण ताटं दोघांना पुरतील एवढी, तेव्हा बेतानं मागवा. केइरोलो 1880 पासूनची ताबेर्ना, म्हणजे मद्यालय. तिथे पिस्को, म्हणजे द्राक्षांची ब्रँडी, प्यावी. पिस्को सावरमध्ये कच्च्या अंड्याचा पांढरा बलक असतो; नको असेल तर जिंजर एल घातलेला चिल्कानो घ्या, उकाड्यात तो जास्त बरा लागतो.

2023 साली जगातल्या उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिलं ठरलेलं 'सेंट्राल'ही बारांकोतच आहे, पण ते महागडं आणि टेबल बरंच आधी राखावं लागतं.

एक अडचण: बीफ खात नसाल तर विचारूनच मागवा. रस्त्यावरचे आंतिकुचो, म्हणजे सळईवर भाजलेले तुकडे, बहुधा गाईच्या हृदयाचे असतात, आणि लोमो साल्तादोही बीफचाच. शाकाहारी असाल तर चिफात, म्हणजे पेरू-चिनी हॉटेलात, भाज्यांचा भात किंवा नूडल्स मागा. सुर्कियो बाजारात चिरिमोया घ्या, सीताफळाचाच भाऊबंद.