लहान मुलांसाठी वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांची पुस्तकं मुद्दाम शोधावीत का?

हो, मुद्दाम शोधा. तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेपाच वर्षांची आहे, तिच्या पुस्तकांत घरं, नावं, डब्यातली पोळीभाजीसुद्धा एकाच तऱ्हेची दिसते, पण वेगळं काही आणून एवढ्या लहान वयात तिच्यावर ओझं टाकावं का, हे तुम्हाला कळत नाहीये. हे ओझं दुसऱ्या काही मुलांवर आधीपासूनच आहे, असं मला वाटतं. ते मी कुठे पाहिलं, ते सांगते.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात मी सहा वर्षं दर शनिवारी मुलांसोबत पुस्तकं वाचते. पत्र्याच्या दोन ट्रंका, एक सतरंजी, देवळाची पडवी. एकदा एक चित्रांचं पुस्तक वाचत होतो. शहरातलं कुटुंब सुट्टीत समुद्रावर जातं, मुलं वाळूचा किल्ला करतात, भेळ खातात, घरी येतात. दुसरीतला एक मुलगा त्या निळ्या पानावर बराच वेळ बोट फिरवत राहिला. होडी शोधत होता. मग म्हणाला, “बाई, ही मानसा दर्यावर निसती खेलालाच येतान का?”

त्याचे वडील तेव्हा दर्यावरच होते. आमच्यापासून वीस पावलांवर दोरीवर बोंबील वाळत होते. मला उत्तर सुचलं नाही. रात्री बसून ट्रंकेतली झाडून सगळी पुस्तकं चाळली, तीनशेच्या आसपास होती. मासे पकडणारं माणूस एकाच पुस्तकात सापडलं. ‘एक गरीब कोळी होता’ अशी सुरुवात, आणि शेवटी जादूचा मासा मिळून तो श्रीमंत होतो. म्हणजे त्याचं जाळं सुटतं तेव्हाच गोष्ट सुखाची होते.

असाच प्रश्न अमेरिकेत एका मुलीनं विचारला होता. न्यूयॉर्कच्या एका बालवाडीत पाच वर्षांची एक काळी मुलगी चित्रांचं पुस्तक बघत म्हणाली, यात नेहमी गोरीच मुलं का असतात? नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६५ सालच्या आपल्या लेखाची सुरुवात तिच्या प्रश्नानंच केली. त्यांनी प्रकाशकांकडून आकडे मागवले होते. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेल्या मुलांच्या ५,२०६ पुस्तकांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत एखादं तरी काळं माणूस होतं.

त्याच १९६२ साली एझ्रा जॅक कीट्स या अमेरिकी लेखक-चित्रकाराचं ‘द स्नोई डे’ हे चित्रांचं पुस्तक आलं. पीटर नावाचा काळा मुलगा लाल कोट घालून बर्फात खेळायला जातो. बर्फाचा एक गोळा उद्यासाठी म्हणून खिशात ठेवतो, आणि रात्री बघतो तर खिसा रिकामा. गोष्ट एवढीच. तो काळा आहे हे मजकुरात एकदाही येत नाही, ते चित्रातच दिसतं. त्याला कुणी छळत नाही, की तो काही सिद्ध करायला निघालेला नसतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे नेमकं इथेच अडतं. पाड्यावरचा, झोपडपट्टीतला, कुबडी घेतलेला मुलगा गोष्टीत आला की तो बहुतेक वेळा ‘गरीब पण प्रामाणिक’ असतो आणि नायकाला दया शिकवून जातो. पुस्तक निवडताना मी एवढंच बघते, की हा मुलगा स्वतः काही खोड्या करतो का, त्याला हसू येतं का, की तो नुसता दुसऱ्याच्या चांगुलपणासाठी उभा केलाय? ‘तोत्तोचान’ या जपानी पुस्तकातला, तोत्तोचान या मुलीचा शाळेतला मित्र यासुआकी आठवा. त्याला पोलिओ झालाय. तोत्तोचान शिडी ओढत आणते आणि घामाघूम होऊन त्याला आपल्या झाडावर चढवते. का, तर पाहुण्याला आपलं झाड दाखवायचंय म्हणून! वर बसल्यावर तो तिला टेलिव्हिजन नावाच्या नवलाईबद्दल सांगतो. तिला ठाऊक नसलेलं त्याला ठाऊक असतं. मराठी अनुवाद सहज मिळतो. साडेपाच वर्षांच्या मुलीला तेवढं प्रकरण वाचून दाखवा, कळेल तिला.

हैदराबादच्या ‘अन्वेषी’ संस्थेच्या पुढाकारानं २००८ साली ‘डिफरंट टेल्स’ ही मालिका तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत निघाली. त्यातल्या ‘हेड करी’मध्ये मुसलमान घरातला, मुंडीच्या कालवणावर जीव असलेला मुलगा आहे. स्वयंपाकघरातला तो वास मराठी पुस्तकांत मला अजून भेटायचाय, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. इंग्रजी पुस्तक मिळालं तर तुम्हीच मराठीत सांगत वाचा.

आणि तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना, भाजीवाल्या काकांना त्यांच्या लहानपणच्या गोष्टी विचारा. मुलीसमोरच विचारा.

आम्ही तेच केलं. गेल्या पावसाळ्यात पुस्तकात होडी शोधणाऱ्या त्या मुलानं एक गोष्ट सांगितली, ती मी त्याच्याच बोलीत वहीत उतरवली. शाकारलेल्या होडीत लपाछपी खेळताना एका पोराला झोप लागते, सगळा वाडा त्याला शोधत फिरतो, आणि शेवटी मांजर त्याला हुडकतं, कारण त्याच्या खिशात सोडे असतात. चित्रं मुलांनी काढली. ट्रंकेतून सगळ्यात आधी तीच वही उचलली जाते. तिची पानं सुटायला आलीत, या शनिवारी शिवून घ्यायची आहेत.